सरांचं पाणी

९ मार्च २००७

सु. जाऊन आज दोन महिने. रोजनिशीत पस्तीस वर्षं बायकोला 'सु.' लिहीत आलो. सुलभा असं पूर्ण लिहिलं की कुणा परक्या बाईबद्दल लिहितोय असं वाटतं.

दुपारी कापूरहोळहून रफीकभाई आले. हायवेला त्यांचं गाड्या रंगवायचं गॅरेज. तीस वर्षं रंगाचा फवारा नाकातोंडात, छाती कामातून गेलेली. पिशवीतून तीन रिकामे पंप काढून पुढ्यात ठेवले. पंप म्हणजे दमेकऱ्यांचा, तोंडात धरून दाबायचा. रिकामे झाले की माझ्याकडे जमा करायचे, हा नियम मीच घालून दिलाय. भंगारवाला घेत नाही. पोरं शेकोटीत टाकून फोडतात आणि उरलासुरला वायू वर जातो ओझोनचं वाटोळं करायला. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, खोड जात नाही. पत्र्याच्या पेटीत चाळीसेक साठलेत. त्यांचं पुढे काय करायचं ते मलाही ठाऊक नाही.

रफीकभाई म्हणाले, "सरांच्या पाण्यात घालून बघितले. तिन्ही तरंगले, मंगच आणले."

सरांचं पाणी! लोकांनीच पाडलेलं नाव. पंपाचं नळकांडं उपसून भांडंभर पाण्यात सोडायचं. बुडालं तर भरलेलं, तरंगलं तर रिकामं. साधी गोष्ट, सातवीच्या पोराला कळेल. भोरपासून आंबवड्यापर्यंत दमेकऱ्यांना मीच शिकवली. आज ऐकून बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं.

सून वंदना चहा घेऊन आली. तिने पंप पाहिले, कप खाली ठेवला तो निम्मा बशीत सांडला, आणि तशीच आत गेली.

१२ मार्च

मिनूला ताप. वंदना औषधाची बाटली घेऊन माझ्यासमोर उभी. "मामा, तुमी पाजा."

"अगं, तुझी मुलगी. तुझ्याकडनं पिईल नीट."

"न्हाई. तुमीच पाजा."

मी पाजलं. चमचा धरायलाही तयार नाही ही. मुलगा प्रमोद शिरवळच्या कंपनीत पाळीवर, घरी येतो तो झोपायला. त्याच्या लक्षात आलेलं नाही.

कारण मला माहीत आहे. ९ जानेवारीला सकाळी अकराला सु.ला धाप लागली तेव्हा घरात वंदना एकटी होती. मी बँकेत. पंप वंदनाने दाबला, पाच-सहा वेळा. उपयोग झाला नाही. रिक्षा येईपर्यंत ओठ निळे. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, घाबरून नीट दाबता आला नसेल. ते वाक्य दहाव्यापर्यंत सगळ्या भावकीत फिरलं. सु.ची बहीण तर वंदनाच्या तोंडावर म्हणाली, "पोरीला येवढं दाबाय आलं न्हाई व्हय?"

मीही प्रमोदला म्हणालो होतो, तिला आधी शिकवून ठेवायला हवं होतं. वंदना तेव्हा दाराआड भांडी पुसत होती.

१८ मार्च

सु.चं कपाट आवरायला घेतलं. प्र. म्हणाला आत्ताच कशाला. पण मला आवरायचं होतं.

शेवटच्या पंपाचं खोकं सापडलं. नवा पंप, ओझोनला न खाणारा. भोरात मिळेना, मी पुण्याला खास फेरी मारून आणला होता. खोक्यावरची ती ओझोनची एक ओळ दुकानात उभ्याने वाचून मला झालेला आनंद आठवतो. आत पातळ कागदाची घडी, मुंगीएवढी अक्षरं. कधी उलगडलीच नव्हती. आज भिंग घेऊन बसलो.

मागच्या बाजूला, खालून चौथी ओळ: किती औषध उरलं ते पाहण्यासाठी नळकांडं पाण्यात टाकू नये.

तीनदा वाचलं. मग घडी होती तशीच घालून ठेवली.

१९ मार्च

याच वहीची मागची पानं उलटली. माझंच अक्षर:

"७ जाने. प्र.चा पुण्याहून फोन, येताना आईसाठी नवा पंप आणू का. तपासला. बुडाला. अजून भरपूर आहे. नको म्हणून सांगितलं."

खाली त्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीबद्दल दोन ओळी आहेत. भाजी झकास झाली होती म्हणे.

२० मार्च

हिशेब. पंप आणला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबर. नळकांड्यावर लिहिलंय, दोनशे वेळा. सु. सकाळी दोन, संध्याकाळी दोन घ्यायची. म्हणजे पन्नास दिवस. १३ डिसेंबरला संपला. मधूनमधून जास्तीचे घेतले असतील ते वेगळेच.

१४ डिसेंबर ते ९ जानेवारी. सत्तावीस दिवस.

गणित पुन्हा केलं. माझी गणितं सहसा चुकत नाहीत.

२१ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. माझाच विद्यार्थी. अजून खुर्चीवरून उठून उभा राहतो. त्याला म्हणालो, बस, आज मी विचारायला आलोय.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, औषध संपलं तरी वायू उरतो. फुस्स आवाज येतो, फवारा दिसतो, नळकांडं जडही लागतं. या नव्या पंपांत तर पाण्याचा काहीच भरवसा नाही. शिवाय पाणी आत गेलं की तोंड चोंदतं."

"जुन्यात भरवसा होता?"

"थोडाफार. तोही पुरता नाही."

म्हणजे सगळ्यांना शिकवलं तेव्हाही अर्धवटच होतं.

विचारलं, औषध असतं तर वाचली असती का. त्याने चष्मा काढून पुसला. "काकूंचा आजार साधा दमा नव्हता. वीस वर्षांच्या चुलीच्या धुरानं फुप्फुसं कायमची गेलेली. त्या दिवशीचा झटका मोठा होता. वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही."

"नसती वाचली असं म्हणशील?"

"तेही म्हणणार नाही."

निघताना दारात म्हणाला, "एक मात्र नक्की. आत औषध नसेल तर कुणी कसा दाबला याला काही अर्थच राहत नाही. सूनबाईंना सांगा हे."

हो म्हणालो.

२४ मार्च

घरात कुणी नसताना मिनूची पाटी घेतली. दुकानातून तसाच नवा पंप आणला होता. पाटीच्या डाव्या अर्ध्यावर नवा दहा वेळा दाबला, उजव्या अर्ध्यावर सु.चा दहा वेळा. आवाज दोन्हींचा सारखा. डावीकडे पांढुरकी भुकटी बसली, बोट फिरवलं तर रेघ उठली. उजवीकडे पाटी होती तशी काळी.

मग दोन्ही नळकांडी पाण्यात टाकली. दोन्ही बुडाली.

पाटी धुऊन जागेवर ठेवली. मिनूने आल्यावर तिच्यावर बदक काढलं.

२ एप्रिल

आता एकेक आठवतंय. डिसेंबरात सु. म्हणाली होती, "अहो, हा पंप लागत नाही हो. पूर्वीच्यासारखा घशाला गार लागत नाही."

मी तिला समजावून सांगितलं. जुना वायू थंडगार लागायचा, नवा तसा लागत नाही, फवारा मऊ असतो, म्हणून तुला तसं वाटतं. हे सगळं खरं आहे. कुठल्याही परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. ती म्हणाली, "असेल बाई. तुम्ही शिकलेले." आणि लसूण सोलत बसली.

आठ दिवसांनी पुन्हा म्हणाली. मी पुन्हा समजावलं. या खेपेला जरा चिडूनच.

तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

५ एप्रिल

एसटी स्टँडवर उभा होतो. गाडी फलाटाला लागली, ब्रेकची हवा सुटली, फुस्स. पिशवी हातातून पडली. बटाटे गोळा करायला दोघं-तिघं धावले. "सर, चक्कर आली का?"

कुकरचंही तसंच. वंदना कुकर लावते तेव्हा मी अंगणात जाऊन बसतो.

घरात सु. आहे असं वाटतं. दिसत वगैरे काही नाही, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. फक्त दुपारी दोनच्या सुमारास पलंगाकडून तो आवाज येतो, श्वास आत ओढताना यायचा तो, शिट्टीसारखा. उठून पाहतो. खिडकीची फट असते. फट कागद कोंबून बंद केली. आवाज येतोच.

८ एप्रिल

ठरवलं. ज्यांना शिकवलं त्यांच्याकडे जाऊन ते पुसायचं. सोप्या माणसापासून सुरुवात, म्हणून कापूरहोळ.

रफीकभाईंना कागद वाचून दाखवला. ते हसले. "म्हंजी पाच वर्सं आमी पंपाला आंघोळ घालत व्हतो?"

मला हसू आलं नाही. त्यांनी हसू आवरलं. मग म्हणाले, "तीन पंप तुमच्याकडं टाकलेत, त्यात भरलेला बी असंल की एखादा."

असेल. तरंगला म्हणून रिकामा, हे तरी कुठं खरं.

मग त्यांच्यासाठी काय चांगलं यावर बोललो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पुडीचा प्रकार असतो: कॅप्सूल यंत्रात घालायची, पिळून फोडायची आणि श्वासाबरोबर भुकटी ओढायची. वायूच नाही, ओझोनला धोका नाही, हवा तापायला नको. नवा वायू ओझोनला खात नसला तरी उष्णता धरून ठेवतो, हे मला परवाच कळलं. खोक्याच्या पुढच्या बाजूला तेवढं छापत नाहीत. पुडीत फसवाफसवी नाही. कॅप्सूल मोजता येते, आतलं संपलं की डोळ्यांना दिसतं. फक्त ओढायला छातीत जोर पाहिजे.

"जोर? टायर तोंडानं फुगवीन." दोन जिने चढले की बसतात, पण ओढ चांगली आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊन बदलून घेतो म्हणाले.

सु.ला मी हेच आधी आणून दिलं होतं, चार वर्षांपूर्वी. "ही काय पिठाची गिरणी आणलीत," म्हणाली. ठसका लागायचा, ओढ पुरायची नाही. तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो. ओझोनसाठी बायकोशी अबोला धरणारा भोर तालुक्यात मी एकटाच असेन.

निघताना भाई म्हणाले, "सर, भाभींचा..." आणि थांबले. मी चपला शोधत राहिलो. मग त्यांनी पोराला हाक मारून माझ्यासाठी रिक्षा बोलवायला लावली.

१५ एप्रिल

आंबवडे. चंद्राकाकी, वय सत्तरीच्या पुढे, सु.सारखीच चुलीवर जन्म गेलेली. सु. आणि ती एकाच दिवशी तपासणीला जायच्या, येताना स्टँडवर भेळ खायच्या.

काकीने माझ्यासमोरच तांब्या घेतला. "बघा की, कालच बगितला. बुडतुया झ्याक."

सांगितलं, काकी, पाण्याचं विसरा. मी चुकलो.

"तुमी चुकला?" तिला ते पटेचना. शेजारच्या दोन बाया आल्या, त्यांच्याही घरात पंप. तिघींना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोजायचं. रोजचे किती ते धरायचं आणि दाराशेजारी कोळशाने रेघा ओढायच्या, पाचवी रेघ आडवी. इतक्या आडव्या झाल्या की नवा आणायचा, जुना दाबला तर फुस्स होवो नाहीतर न होवो. काकीला पुडी ओढवणार नाही. तिच्यासाठी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला बुडाशी भोक पाडून पंप बसवून दिला, डॉक्टरांनी दाखवला होता तसा. पंप बाटलीत दाबायचा, बाटलीच्या तोंडातून सावकाश ओढायचं. तिला जमलं. वायू तर वायू. जिला ओढवत नाही तिनं ओझोनसाठी गुदमरायचं का? हे मी आता लिहितोय, साठी उलटल्यावर.

काकी रेघ ओढता ओढता म्हणाली, "मंग सर, बाईंचा? त्यांचा बी तुमी पान्यातच बगितला व्हता का?"

"नाही," मी म्हणालो. "तिचं वेगळं होतं."

तोंडातून निघून गेलं. काकीने मान हलवली. "व्हय, त्या पोरीला दाबता न्हाई आला म्हनं."

मी पिशवी उचलली आणि निघालो. एसटीत बसल्यावर कळलं. आजवर चूक होती. आज खोटं बोललो, आणि ते त्या पोरीच्या डोक्यावर ठेवून आलो.

३ मे

आज सांगायचंच म्हणून वंदनाला हाक मारली. पदराला हात पुसत आली. "काय मामा?"

"काही नाही. कैऱ्या आणायच्यात का?"

"परवाच आणल्या की तुमी."

१९ मे

पुन्हा नाही जमलं. या वेळी प्र. घरात होता हे कारण.

खरं कारण लिहून ठेवतो. ती मला मान देते. तिच्या मनातून उतरलो तर या घरात मला मान देणारं कुणी उरणार नाही. असल्या भिकारड्या कारणासाठी एका पोरीला जाळतोय.

२० जून

औषधांच्या दुकानात एक अनोळखी बाई, वेल्ह्याकडची. दुकानदाराला म्हणत होती, "ह्यो रिकामा दिला तुमी, सरांच्या पान्यात तरंगला."

मी म्हणालो, बाई, ते पाण्याचं खोटं आहे.

"तुमाला काय म्हायती? सरांनी सांगितलंय."

"कुठल्या सरांनी?"

"भोरचे हायेत कोनतरी. लई हुशार हायेत म्हनं."

दुकानदार माझ्याकडे बघून हसायला लागला. मी तिला सांगितलं, तो सर मीच, आणि मी चुकलो. तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. विश्वास बसलेला दिसला नाही. पंप बदलून मागत राहिली.

दुकानाच्या काचेला मोठ्या अक्षरात कागद लावून आलो. किती जण वाचतील? वाचता येणाऱ्याने तरी कुठं वाचला होता.

९ जुलै

पालीहून वंदनाच्या भावाचा फोन. त्यांच्या आईला पुण्याच्या दवाखान्यात दाखवलं. तोच आजार, चुलीचाच. डॉक्टर म्हणाले पंप नाहीतर पुडी, दोन्ही लिहून देतो, घरी कुणी शिकवणारं आहे का? भाऊ वंदनाला म्हणाला, ताई, तू ये. तुझ्या सासूबाईंचं तू केलंयस, तुला सगळं येतं. आणि सरांना विचार कुठला घ्यायचा, सर सांगतील तो घेऊ.

वंदनाने फोन माझ्या हातात दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

संध्याकाळी प्र. तिच्यावर ओरडला. स्वतःची आई आजारी आणि ही जात नाही म्हणते. ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातानं नको. एकदा झालं तेवढं पुरं." मिनू रडायला लागली. मी पेपर धरून बसलो होतो. एक अक्षर वाचलं नाही.

१४ जुलै

भावाचा पुन्हा फोन. म्हातारीला कॅप्सूल दिली होती. कुणी शिकवलं नाही, तिने ती पाण्याबरोबर गिळली. रोज दोन, पाच दिवस. गुण येत नाही म्हणते. गिळायची नाही, ओढायची, एवढं मी फोनवर सांगितलं; ओढून दाखवणार कोण? वंदना ऐकून खाली बसली, पण जाते म्हणाली नाही.

आता मी बोललो नाही तर दुसरी बाई जिवानिशी जाईल. हे मला दिसतंय. यापुढे कळलं नव्हतं असं म्हणता येणार नाही.

२१ जुलै

सांगितलं.

दुपारी, प्र. कामावर, मिनू शेजारी. वंदना पडवीत मेथी निवडत होती. मी समोर खाली बसलो. मी असा कधी बसत नाही, म्हणून ती थांबली. कागद, वही, हिशेब सगळं बरोबर नेलं होतं. ७ जानेवारीचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. म्हणालो, वंदना, पंपात औषध नव्हतं. सव्वीस-सत्तावीस दिवस नव्हतं. भरलेला आहे असं मी म्हणालो, मीच तपासला होता. तू बरोबर दाबला होतास. तुझ्या हातांचा काही दोष नाही. माझा आहे.

भांडं लवंडल्यासारखं सगळं एकदम बोललो. इतके महिने जी वाक्यं घोकली होती त्यातलं एकही आठवलं नाही.

तिने मेथी बाजूला सारून वही जवळ ओढली. मग म्हणाली, "म्हंजी म्या दाबला व्हता बरोबर?"

"बरोबर दाबला होतास."

"तुमाला कवा कळलं?"

"मार्चमध्ये."

तिने बोटांवर मोजलं. "आन आता आषाढ लागला." आवाज चढला नाही. मला वाटत होतं ती रडेल, नाहीतर ओरडेल. ती मेथीची काडी घेऊन पानं खुडायला लागली. जुडी संपेपर्यंत खुडली. मी समोर बसून होतो. उठावं की नाही ते कळेना.

माफ कर म्हणालो. तिने ऐकलं की नाही ठाऊक नाही.

रात्री जेवणात मेथीची भाजी होती. मला पहिल्यांदा वाढली, रोजच्यासारखी. प्र.ला तिने काही सांगितलेलं नाही. मीही अजून नाही.

२२ जुलै

सकाळी वंदनाने स्वतः मिनूला खोकल्याचं औषध पाजलं. चमचा भरताना थोडं सांडलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

साडेबाराला बाहेर आली. पिशवी भरलेली. "मी पालीला जाते. अडीचची गाडी. तुमी बी चला."

"मी येऊन काय करू? तुला सगळं येतं."

"कुठला घ्यायचा ते तुमी सांगायचं. आईला ओढवतंय का बगायचं, न्हाईतर बाटली लावून द्यायची. आन पान्याचं सांगायचं. तिथं बी समदे बुडवत्यात, शेजारी दोघंतिघं हायेत. तुमचं नाव घिऊन बुडवत्यात." मग सु.चं काढलं. "आत्यांचं बी सांगायचं. समद्यांसमोर. कुणाचं चुकलं ते."

तिथे सु.ची बहीणही असेल, तिला तिकडेच दिलंय. मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. म्हणालो, बघू, गुडघा दुखतोय.

तेव्हा ती पायरीवर बसली आणि जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जसं म्हणाली तसं लिहितो.

"त्या दिवशी म्या चार येळा दाबला. आत्यांनी माझा हात धरला आन तांब्याकडं बोट केलं. मला वाटलं, पानी पायजे. तोंडाशी नेला, तर प्याल्या न्हाईत. मंग नळकांडं उपसलं आन तांब्यात सोडलं."

मी विचारलं, "मग?"

"बुडालं. तळाला जाऊन बसलं. आत्यांनी वाकून बगितलं. भरलेलं हाये म्हनल्यावर चूक कुणाची ऱ्हायली, मामा? मंग त्या नुसत्या माझ्याकडं बगत ऱ्हायल्या. म्या आनखी दोनदा दाबला, तरी बगतच व्हत्या."

एवढं बोलून ती परसात वाळलेले कपडे काढायला गेली. सव्वा वाजून गेला. अजून आत आलेली नाही. दोरीवर चारच कपडे होते.